मंगळयान, गजरा आणि रात्रपाळी

मंडळी, तो फोटो परत फिरायला लागलाय. रेशमी साड्या, केसात गजरे, एकमेकींना मिठ्या मारून हसणाऱ्या बायका. खाली ओळ: 'याच त्या शास्त्रज्ञ, ज्यांनी मंगळावर यान पोचवलं.' इस्रोचं काहीही उडालं की दोन दिवसांत हा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतो, नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो, आणि शाळेच्या जुन्या ग्रुपवर तर तीनदा येतो.

फोटो खरा आहे. २४ सप्टेंबर २०१४, बंगळुरू, मंगळयान कक्षेत शिरल्याचा दिवस. पण खालची ओळ चुकीची आहे. इस्रोनेच नंतर सांगितलं की फोटोतल्या बायका प्रशासकीय विभागातल्या कर्मचारी होत्या. आता यात त्यांचं कमीपण काहीच नाही. पगार, खरेदी, फायली, प्रवास हे सांभाळणारं कुणी नसेल तर यान जमिनीवरच राहील. आनंद करायचा हक्क त्यांचा पूर्ण होता. पण त्याच वेळी ज्या बायका कंट्रोल रूममध्ये स्क्रीनसमोर बसल्या होत्या, त्यांचे चेहरे मात्र आपल्याला आजही ओळखता येत नाहीत. आपल्याला साडी आणि गजरा दिसला, त्यातच आपलं समाधान झालं.

म्हणून आज जरा लांबचं लिहितोय. चहा घेऊन बसा.

या विषयावर अधूनमधून वाचत असतो. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, रॉकेट, उपग्रह या क्षेत्रात आपल्याकडे आधी आलेल्या बायका कोण, कशा आल्या. 'पहिली महिला अमुक' अशा याद्या भरपूर मिळतात. त्या वाचून छाती फुगते, कळत काही नाही. पण तपशिलात गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, ती म्हणजे रात्र. रात्री काम करायचं का, करू देतील का, आणि केलं तर घरी लेकरापाशी कोण?

सुरुवात मद्रासपासून करू. ए. ललिता. तेलुगू कुटुंब, जन्म १९१९. पंधराव्या वर्षी लग्न. १९३७ च्या सप्टेंबरात मुलगी झाली आणि ती जेमतेम चार महिन्यांची असताना नवरा गेला. वय अठरा, पदरात तान्हं बाळ. त्या काळच्या मद्रासेत अशा मुलीचं पुढे काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही तेच होतं. केशवपन, अंधारी खोली, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या चुलीपुढे राबणं.

ललिता माहेरी परत आली. वडील पप्पू सुब्बाराव हे गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक. मुलीने शिकायचं ठरवलं तर घरातून विरोध नव्हता. प्रश्न होता काय शिकायचं. तेव्हा शिकणाऱ्या बाईसाठी मान्य झालेला रस्ता डॉक्टरकीचा होता. बायकांना बायका डॉक्टर हव्याच होत्या, त्यामुळे समाजही फार कुरकुर करत नसे. पण ललिताला ते नको होतं, आणि कारण अगदी घरगुती आहे. डॉक्टरला मध्यरात्री बोलावणं येतं. पोरीला झोपलेलं टाकून निघायचं तिला जमणारं नव्हतं. वेळेवर जाऊन वेळेवर परत येता येईल असं काम तिला हवं होतं. वडील आणि भाऊ विजेच्या क्षेत्रातले, म्हणून इंजिनिअरिंग.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकलो. देशातली पहिली महिला इलेक्ट्रिकल इंजिनिअर या क्षेत्रात आली त्यामागे क्रांती वगैरे करायचा विचार नव्हता. तिला रात्री मुलीजवळ राहायचं होतं.

पण कॉलेजात मुलीला घेतात कुठे? नियमात 'घेऊ नये' असं असो वा नसो, कधी कुणी घेतलीच नव्हती. वडिलांनी प्राचार्य के. सी. चाको यांना गाठलं, शिक्षण खात्याच्या इंग्रज संचालकाकडून मंजुरी मिळवली. १९४० च्या सुमारास ललिता गिंडीत दाखल झाली. शेकडो मुलगे आणि एक मुलगी. त्रास कुणी दिला नाही, पण वसतिगृहात एकटीने राहणं तिला जड जायला लागलं. पोरगी मामाकडे, ती शनिवार-रविवारी भेटायला जायची. मग वडिलांनी कॉलेजला सांगून मुलींसाठी प्रवेश खुला असल्याची जाहिरात द्यायला लावली. पुढच्या वर्षी दोघी आल्या, दोघी सिव्हिलला: लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया. युद्धामुळे अभ्यासक्रम काही महिन्यांनी आटोपता घेतला गेला आणि तिघी एकदमच पदवीधर झाल्या. पदवीच्या कागदावर पुल्लिंगी सर्वनाम आधीच छापलेलं होतं. ते खोडून हाताने स्त्रीलिंगी लिहावं लागलं. (थ्रेसियाबाई पुढे १९७१ साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. त्यांच्यावर स्वतंत्र पोस्ट होईल.)

पदवीनंतर जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वर्षभर उमेदवारी. मग सिमल्याला मानकांचं काम करणाऱ्या सरकारी कचेरीत नोकरी. काही काळ वडिलांबरोबर संशोधन. आणि १९४८ साली कलकत्त्याला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीत. कलकत्ताच का? तिथे भाऊ राहत होता. भावजयीचं मूलही लहान होतं, त्यात ललिताची मुलगी वाढली. ललिताबाईंच्या कर्तृत्वावर लिहिताना या भावजयीचा उल्लेख लोक एका ओळीत उरकतात. मला तर वाटतं की त्या घरात दोन नोकऱ्या चालू होत्या, पगार एकीला मिळत होता.

कंपनीत ललिताबाईंचं काम होतं उच्चदाब वाहिन्यांचं आणि उपकेंद्रांच्या मांडणीचं. बिघाड झाला की आपोआप पुरवठा तोडणारी जी संरक्षक यंत्रणा असते, तीही त्यात आली. भाक्रा-नांगल धरणाच्या वीजनिर्मिती यंत्रणेवर त्यांनी काम केलं. इलेक्ट्रिकल शिकलेल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. उपकेंद्राचा आराखडा म्हणजे नुसती रेघोट्यांची कामगिरी नव्हे. दोन तारांत किती अंतर, कुठला ब्रेकर कुणाच्या आधी उघडायचा, जमिनीत अर्थिंगची जाळी किती खोल, यातली एक चूक माणूस मारू शकते. हे काम त्या जवळजवळ तीस वर्षं करत राहिल्या, १९७७ ला निवृत्त होईपर्यंत. मध्ये १९६४ साली न्यूयॉर्कला महिला इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे त्या गेल्या. तिथल्या लोकांना त्यांनी सांगितलं होतं की दीडशे वर्षांपूर्वी जन्मले असते तर मला नवऱ्याच्या चितेवर जाळलं असतं. १९७९ साली, साठाव्या वर्षी, त्या गेल्या. दुसरं लग्न केलं नाही.

इथे पुण्याच्या माणसाला कर्वे आठवल्याशिवाय राहत नाहीत. अण्णांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्याच्या माळावर नेला, तो काय होता? शाळा तर होतीच. पण त्याआधी ती रात्री झोपायची सुरक्षित जागा होती. विधवा मुलीला शिकवायला शाळा कदाचित सापडली असती, राहायला घर सापडत नव्हतं. ललिताला बाप, भाऊ, भावजय होते. ज्यांना नव्हते त्यांच्यासाठी हिंगणं होतं. आणि त्याच संस्थेने, त्याच परिसरात, १९९१ साली मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, ते कमिन्स कॉलेज. कर्वेनगरातून जाताना सकाळी पाठीवर सॅक लावून धावणाऱ्या पोरी दिसतात ना, त्यांच्यातल्या किती जणींना ही साखळी माहीत असेल कोण जाणे.

आता बंगळुरूची विज्ञान संस्था. तिथला पहिला किस्सा आपल्याच कमलाबाईंचा. कमला भागवत, पुढच्या सोहोनी. विषय जीवरसायन, म्हणजे आपल्या आजच्या विषयाबाहेरचा, पण दार तेच. १९३३ साली सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत, मग अटी घालून घेतलं. वर्षभर प्रोबेशन, मुलग्यांचं लक्ष विचलित होता कामा नये, आणि गाइड सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल. बघा, परत रात्र. बाईला रात्री घराबाहेर पडू देत नाहीत हे ठाऊक असलेल्या माणसाने घातलेली अट आहे ही. कमलाबाईंनी ती पाळून दाखवली.

दहा वर्षांनी म्हैसूर संस्थानातली राजेश्वरी त्याच संस्थेत आली. गणितात एम. एस्सी., रामनकडे काम करायचं होतं, पण भौतिकशास्त्राची पदवी नाही म्हणून नाही म्हणाले. ती इलेक्ट्रिकल-कम्युनिकेशनकडे वळली, सरकारी शिष्यवृत्तीवर मिशिगनला गेली, १९५३ साली डॉक्टरेट घेऊन परत आली. राजेश्वरी चॅटर्जी. नवरा शिशिरकुमार त्याच खात्यात. दोघांनी मिळून मायक्रोवेव्ह संशोधनाची प्रयोगशाळा उभी केली. रडार, विमान, उपग्रह, सगळ्यांचं बोलणं अँटेनातून होतं आणि ते शास्त्र शिकवणारी माणसं तेव्हा देशात बोटावर मोजण्याइतकी. बाईंच्या हाताखाली वीस जणांनी डॉक्टरेट केली. निवृत्त झाल्या त्या खात्याच्या प्रमुख म्हणून.

पण माझ्या आवडत्या बाई वेगळ्या आहेत, आणि त्यांच्यावर पुण्याचा हक्क आहे. अॅना मणी.

त्रावणकोरातल्या. जन्म १९१८. बंगळुरूला रामनच्याच प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर काम. हे काम कसं चालायचं? हिऱ्यावर प्रकाश टाकायचा आणि त्यातून निघणारा अत्यंत मंद प्रकाश फोटोच्या काचेवर उमटवायचा. एका काचेला पंधरा-वीस तास लागत. म्हणजे माणूस प्रयोगशाळेतच मुक्कामाला. १९४२ ते ४५ मध्ये त्यांनी पाच शोधनिबंध एकटीच्या नावावर काढले. डॉक्टरेट मिळाली नाही, कारण एम. एस्सी. केलेली नाही, असं विद्यापीठ म्हणालं. निबंधांकडे न बघता सर्टिफिकेट मागणारी माणसं सगळ्या काळात असतात.

१९४८ साली त्या पुण्यात हवामान खात्यात आल्या, उपकरण विभागात. (ललिता कलकत्त्याला नोकरीला लागली तेही याच साली, योगायोग.) तोपर्यंत आपला देश साधा तापमापक, पर्जन्यमापकसुद्धा बाहेरून आणत होता. बाईंनी जवळपास शंभर हवामान उपकरणांचे आराखडे पक्के करून ती इथे बनवायची सोय केली. चूक असलेलं मोजमाप हे मोजमाप नसण्यापेक्षा वाईट, असा त्यांचा खाक्या. सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रं देशभर उभारली, ओझोन मोजणारं बलूनवरचं उपकरण बनवलं. आज सौरऊर्जेच्या टेंडरमध्ये जे आकडे घालतात त्याची मुळं तिथे आहेत.

आणि अंतराळाचं काय? १९६३ साली केरळात थुंबा इथून रॉकेट उडवायचं ठरलं तेव्हा विक्रम साराभाईंनी तिथली हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारायला अॅना मणींना सांगितलं. मनोरा कशाला? ती रॉकेटं आजच्यासारखी स्वतःचा रस्ता सुधारणारी नव्हती. एकदा सुटली की सुटली. जमिनीलगतच्या वाऱ्याने सुरुवातीलाच मान वळवली तर रॉकेट भलतीकडे. म्हणून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा मोजायचा आणि त्यावरून लाँचर किती कलता ठेवायचा हे ठरवायचं. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट गेलं. सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचा भाग नेणारा तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय. अॅना मणींचा मनोरा कुणी फॉरवर्ड करत नाही.

त्यांनी लग्न केलं नाही. ही त्यांची निवड होती, त्याबद्दल हळहळायचं कारण नाही. पण पंधरा-वीस तासांच्या प्रयोगाला घरी जायची घाई नसणं उपयोगी पडतं, एवढं म्हणता येईल.

१९४८ सालात आणखी एक गोष्ट झाली. कारखाने अधिनियम आला. त्यात कलम ६६: बाईला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेबाहेर कारखान्यात काम देता येणार नाही. कलम २२ म्हणत होतं, चालू यंत्राच्या फिरत्या भागाला तेल घालणं, तो साफ करणं हे बाईने करायचं नाही. हेतू चांगलाच होता, गिरण्यांमध्ये बायकांची काय पिळवणूक व्हायची ते मुंबईला माहीत आहे. पण इंजिनिअर पोरीसाठी याचा अर्थ वेगळा झाला. तीन पाळ्यांच्या प्लँटमध्ये जिला दोनच पाळ्या देता येत नाहीत तिला घ्यायची कशाला, असा सोपा हिशेब.

१९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलेलं सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने बंगळुरूत वाचलं आणि थेट जेआरडींना पोस्टकार्ड टाकलं, पुण्याला मुलाखतीला आली, नोकरी मिळाली. सुधा मूर्तींनी ही गोष्ट स्वतः लिहिली आहे, तुम्ही वाचली असेलच. मला त्याच लेखातला दुसरा प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. पुढे बॉम्बे हाउसला असताना एका संध्याकाळी त्या नवऱ्याची वाट बघत उभ्या होत्या. अंधार पडत होता. जेआरडी थांबले आणि नवरा येईपर्यंत सोबत उभे राहिले. मोठा माणूस, शंकाच नाही. पण प्रत्येक कंपनीत, प्रत्येक अंधाराला एक जेआरडी कुठून आणायचा?

रात्रीचं ते कलम २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीत सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली. म्हणजे कायद्याने दार उघडायला सदुसष्ट वर्षं गेली.

आता मंगळयानावर येतो. कंट्रोल रूम म्हणजे कारखाना नव्हे, त्यामुळे तिथे कलमाची आडकाठी नव्हती. कामाचं स्वरूप बघा. २४ सप्टेंबरच्या सकाळी यान मंगळाजवळ पोचलं तेव्हा इथून संदेश जायलाच बारा मिनिटांवर लागत होती. म्हणजे काही बिघडलं तर आपल्याला कळेपर्यंत बारा मिनिटं, आपलं उत्तर पोचायला आणखी बारा. यानाचा वेग कमी करण्यासाठी मुख्य इंजिन चालणार होतं सुमारे चोवीस मिनिटं. गाडीला ब्रेक लागला का हे कळून आपण काही करेपर्यंत सगळा खेळ संपलेला. त्यात ते इंजिन जवळपास तीनशे दिवस बंद होतं, आणि ब्रेक मारता मारता यान मंगळाच्या आड जाणार होतं. म्हणून यानाने स्वतःच ठरवायचं, स्वतःच दुरुस्त करायचं. ही स्वयंनिर्णयाची यंत्रणा आखण्यात रितू करिधाल यांचा मोठा वाटा. त्या आणि नंदिनी हरिनाथ, दोघी या मोहिमेच्या डेप्युटी ऑपरेशन्स डायरेक्टर. अहमदाबादच्या केंद्रात मिनल रोहित, मौमिता दत्ता यानावरच्या उपकरणांवर होत्या.

आणि घरी? रितू करिधाल यांनी सांगितलंय की मुलांचा अभ्यास घेऊन, ती झोपली की मध्यरात्री ते पहाटे चार पुन्हा इस्रोचं काम. नंदिनी हरिनाथ मध्यरात्री घरी यायच्या आणि मुलीची परीक्षा म्हणून पहाटे चारला तिच्यासोबत उठायच्या. आपण हे वाचून 'वाह, सुपरवुमन' म्हणतो आणि हात जोडतो. मला ते वाचून राग येतो. त्यांच्यावर नव्हे. मोहिमेच्या बजेटचा रुपया न रुपया मोजून जगाला सांगितला, आणि या झोपेचा हिशेब कुणी विचारलासुद्धा नाही. तिथेच काम करणाऱ्या बापांना 'परीक्षेच्या वेळी पहाटे कोण उठलं' हे कुणी पत्रकार विचारत नाही.

त्यानंतर चांद्रयान-२ ची प्रोजेक्ट डायरेक्टर एम. वनिता, मिशन डायरेक्टर रितू करिधाल. आदित्य-एल१ च्या प्रोजेक्ट डायरेक्टर निगार शाजी. त्याच्याही आधी, २०११ साली जीसॅट-१२ ची धुरा टी. के. अनुराधा यांच्याकडे होती. नावं आता वाढतायत, चांगलं आहे. इस्रोच्या अध्यक्षपदी मात्र आजवर एकही बाई बसलेली नाही.

आणि हे फक्त इस्रोपुरतं नाही. महावितरणमध्ये आता पोरी तंत्रज्ञ म्हणून खांबावर चढतात. पावसाळ्यात रात्री अकराला फीडर ट्रिप झाला, चिखलातून तीन किलोमीटर जायचंय, सोबत कोण, गाडी कुठली, उपकेंद्रात बाथरूम आहे का? पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, हा नियम २०१७ साली आला. तुमच्या कामाच्या जागी आहे का, उद्या जरा बघून या आणि खाली लिहा.

आणखी एक विनंती. तुमच्या घरात, ओळखीत १९६०-७०-८० च्या काळात इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली आई, आत्या, मावशी असेल, तर तिला विचारा. कॉलेजात किती मुली होत्या, राहायची सोय कुठे होती, पहिल्या नोकरीत रात्रपाळीचं काय केलं, आणि लेकरं कुणी सांभाळली. कमेंटमध्ये लिहा, मोठं झालं तरी चालेल. सांभाळणारीचं नातंही लिहा.